साइट उघडत नाही? आधी कोपऱ्यातलं घड्याळ बघा

या महिन्यात आलेले मेल आणि व्हॉट्सअ‍ॅप वाचून काढले तर तक्रार एकच, साइट उघडत नाही. पण नीट वाचायला घेतलं की कळतं, कुणाची एकच साइट अडकलीय, कुणाच्या सगळ्याच, कुणाला मोबाइलवर दिसतंय आणि कंप्युटरवर नाही, आणि बऱ्याच जणांना दुकानवाल्याने एकच औषध सांगितलंय ते म्हणजे फॉरमॅट मारा. जरा थांबा हो. स्क्रीनवर ते जे इंग्रजीत दोन ओळी लिहून येतं, जे आपण न वाचताच बंद करतो, त्यातच बहुतेक वेळा अर्धं उत्तर असतं. म्हणून ज्यांनी मेसेजचा फोटो पाठवला त्यांना आधी उत्तरं दिलीयेत, बाकीच्यांनी राग मानू नका.

प्रश्न: मी निवृत्त शिक्षक, चिपळूणला असतो. घरी जुना डेस्कटॉप आहे. चार-पाच दिवसांपासून कुठलीही साइट उघडली की 'युअर कनेक्शन इज नॉट प्रायव्हेट' येतं, अगदी गूगलसुद्धा. त्याच वायफायवर मोबाइल मात्र मस्त चालतो. सुरू करताना काळ्या स्क्रीनवर पण काहीतरी येतं, एफ१ दाबलं की पुढे जातं. दुकानवाला म्हणतो व्हायरस आहे, फॉरमॅट आणि नवीन हार्ड डिस्क, साडेचार हजार. काय करू?

उत्तर: गुरुजी, साडेचार हजार खिशातच ठेवा. स्क्रीनच्या उजव्या खालच्या कोपऱ्यात तारीख काय दिसतेय ते बघा. मला जवळपास खात्री आहे की तिथे कुठलं तरी भलतंच साल असेल, दहा-बारा वर्षांपूर्वीची १ जानेवारी वगैरे. फोटोत तो कोपरा नेमका कापला गेलाय, पण एफ१ वाली गोष्ट तुम्ही लिहिलीत तिथेच सगळं उघड झालं.

काय होतं सांगतो. मदरबोर्डवर रुपयाच्या नाण्याएवढा एक चपटा सेल असतो, त्यावर सीआर२०३२ असं लिहिलेलं असतं, ३ व्होल्टचा. कंप्युटर बंद असताना आतलं घड्याळ चालू ठेवायचं काम त्याचं. काही वर्षांनी तो संपतो, आणि तुमच्यासारखी माणसं रात्री शिस्तीत भिंतीवरचा मेन स्विच बंद करून झोपतात त्यांचा जरा लवकरच संपतो, कारण स्विच चालू असेल तर घड्याळाला थोडी वीज तिकडून मिळत असते, बंद केला की सगळा भार सेलवर. पाऊस सुरू झाला की कोकणात लाइट जाते ते वेगळंच. सेल संपला की मशीन उठताना सगळं विसरतं, काळ्या स्क्रीनवर 'सीमॉस चेकसम' असं काहीतरी पुटपुटतं, एफ१ मागतं आणि कारखान्यातून निघतानाची तारीख धरून बसतं.

आता तारखेचा आणि गूगलचा काय संबंध? तर आजकाल जवळजवळ प्रत्येक साइटकडे एक सर्टिफिकेट असतं, मी तीच साइट आहे असं सांगणारं, आणि त्यावर कधीपासून कधीपर्यंत चालेल हे लिहिलेलं असतं. ही मुदत काही फार मोठी नसते, लेट्स एन्क्रिप्ट नावाची संस्था फुकट सर्टिफिकेट देते तिची तर साधारण ९० दिवसांचीच. तुमच्या कंप्युटरच्या मते आज २०१४ साल असेल तर ते सर्टिफिकेट त्याला अजून जन्मालाच आलेलं दिसत नाही, मग तो बिचारा म्हणतो हा भामटा आहे, मी उघडणार नाही. मोबाइल आपली वेळ टॉवरवरून नाहीतर नेटवरून घेतो म्हणून तो बरोबर. क्रोम कधीकधी सरळ 'युअर क्लॉक इज बिहाइंड' असंही सांगतो, पण दर वेळी नाही.

तर घड्याळावर राइट क्लिक करा, अ‍ॅडजस्ट डेट अँड टाइम, तारीख-वेळ हाताने बरोबर घाला, टाइम झोन मुंबई-कोलकाता वाला आहे ना तेही बघा, आणि मग 'सिंक नाऊ' दाबा. हाताने आधी घाला म्हणतोय त्याला कारण आहे, घड्याळ वर्षानुवर्षं मागे असेल तर विंडोज आपणहून ते सुधारायला बिचकतं, घरगुती मशीनवर साधारण १५ तासांपेक्षा जास्त फरक असला की आपोआप दुरुस्ती करत नाही. तारीख लागली की ब्राउझर पूर्ण बंद करून परत उघडा, साइट दिसायला लागतील. सेल मात्र बदलून घ्या नाहीतर उद्या सकाळी परत तेच. घड्याळाच्या दुकानात पण मिळतो, पन्नासच्या आसपास. मशीनची वायर काढून, बाजूचं झाकण उघडून, सेलच्या कडेची बारीक पत्ती नखाने मागे ढकलली की तो टुणकन वर येतो, लिहिलेली बाजू वर ठेवून नवा दाबायचा. हात थरथरत असतील तर नातवाला सांगा.

आणि एक, त्या 'नॉट प्रायव्हेट' मेसेजच्या खाली 'अ‍ॅडव्हान्स्ड' आणि मग 'प्रोसीड' असं दिसतं ते दाबून पुढे जायची सवय लावून घेऊ नका. तुमच्याकडे घड्याळाचा घोळ आहे, पण हाच मेसेज तुमची माहिती चोरायला खरोखर कुणी मधे बसलं असेल तेव्हाही येतो.

प्रश्न: नाशिकहून लिहितेय. नवीन राउटर आणला तेव्हापासून लॅपटॉपवर यूट्यूब चालतं, व्हॉट्सअ‍ॅप चालतं, गूगल पण उघडतं. पण बँकेची साइट आणि मुलीच्या कॉलेजची फी भरायची साइट नुसती गोल गोल फिरत राहते, कधी पांढरं पान, कधी 'टूक टू लाँग टू रिस्पॉन्ड'. मोबाइलचा हॉटस्पॉट जोडला की त्याच लॅपटॉपवर दोन्ही उघडतात. नेटवाले म्हणतात स्पीड तर १०० येतंय, आमच्याकडून सगळं ओके आहे.

उत्तर: ताई, तुमचा प्रश्न मला या महिन्यातला सगळ्यात आवडला, कारण हॉटस्पॉटची परीक्षा तुम्ही स्वतःच करून मोकळ्या झालात. त्यामुळे लॅपटॉप सुटला, ब्राउझर सुटला, बँक पण सुटली. राहिलं ते राउटर आणि त्याच्या पुढची लाइन. आणि नेटवाले खोटं बोलत नाहीयेत, स्पीड खरंच १०० असणार. स्पीडचा इथे संबंधच नाही.

माझा संशय एमटीयूवर आहे. इंटरनेटवर माहिती तुकड्या-तुकड्यांनी येते आणि एक तुकडा जास्तीत जास्त केवढा असावा याचा आकडा म्हणजे एमटीयू. साधारण तो १५०० बाइट असतो. पण आपल्याकडे बरीचशी ब्रॉडबँड कनेक्शनं पीपीपीओई पद्धतीची असतात, म्हणजे राउटरमधे युजरनेम-पासवर्ड घालावा लागतो ती, आणि त्या पद्धतीत प्रत्येक तुकड्याला ८ बाइटचं जादा वेष्टण लागतं. मग आत जागा उरते १४९२. नवीन राउटर कुणीतरी १५०० वर ठेवून गेला असेल तर दाराच्या चौकटीपेक्षा बोटभर रुंद कपाट आत न्यायचा प्रकार होतो, बारकं सामान जातं, कपाट दारातच अडतं.

नियमाप्रमाणे अशा वेळी वाटेतलं उपकरण पाठवणाऱ्याला उलट निरोप देतं की बाबा तुकडा मोठा आहे, लहान कर. पण बँका आणि तत्सम मंडळी सुरक्षेच्या नावाखाली असे निरोप आपल्या दारावरच अडवतात. त्यामुळे बँकेच्या सर्व्हरला कळतच नाही, तो तोच मोठा तुकडा परत परत पाठवतो, तो परत परत हरवतो, आणि तुम्ही इकडे गोल फिरणारं चक्र बघत बसता. पहिली ओळखपाळख छोट्या तुकड्यांत होते म्हणून साइट 'लागल्यासारखी' वाटते, सर्टिफिकेट पाठवायची वेळ आली की तुकडे काठोकाठ भरतात आणि तिथेच गाडी थांबते. मग यूट्यूब का चालतं? कारण गूगलच्या साइट क्रोमशी क्विक नावाच्या वेगळ्या पद्धतीने बोलतात आणि त्यातले तुकडे मुळातच लहान ठेवलेले असतात. व्हॉट्सअ‍ॅपचे निरोप तर चिमूटभर. म्हणून 'यूट्यूब चालतंय म्हणजे नेट चांगलं आहे' हे वाक्य मला कुणी ऐकवलं की मी काही बोलत नाही, नुसतं हं म्हणतो.

खात्री करायची असेल तर स्टार्टमधे सीएमडी टाइप करून काळी खिडकी उघडा आणि टाइप करा: पिंग, स्पेस, वजाचं चिन्ह लगेच एफ, स्पेस, वजाचं चिन्ह लगेच एल, स्पेस, १४७२, स्पेस, १.१.१.१. सगळं इंग्रजी लिपीत, आकडेसुद्धा. उत्तर आलं तर लाइन १५०० झेलतेय आणि माझा संशय चुकीचा. 'पॅकेट नीड्स टू बी फ्रॅगमेंटेड' आलं किंवा नुसतंच 'टाइम्ड आउट' आलं तर १४७२ च्या जागी १४६४ घालून बघा. १४६४ ला उत्तर येतंय आणि १४७२ ला नाही, असं झालं तर चोर सापडला. १४६४ मधे पिंगच्या तुकड्याच्या वेष्टणाचे २८ बाइट मिळवा, १४९२ झाले बघा.

मग राउटरच्या पानावर जायचं, पत्ता राउटरच्या बुडाला चिकटवलेल्या स्टिकरवर असतो, वॅन किंवा इंटरनेट सेटिंगमधे एमटीयू शोधायचा, १४९२ करायचा, सेव्ह, रीस्टार्ट. काही ठिकाणी १४८० किंवा १४५२ वर आणावं लागतं, ते वरच्या परीक्षेवरून कळेलच. तिथलं बाकी काही हलवू नका, विशेषतः ते युजरनेम-पासवर्ड, ते पुसले गेले तर मग नेटवाल्याच्या माणसाची वाट बघत बसावं लागेल आणि तो कधी येतो ते तुम्हाला माहितीच आहे.

प्रश्न: पुण्यात हॉस्टेलवर राहतो. एक फ्री व्हीपीएन (नेट दुसऱ्याच्या सर्व्हरवरून फिरवणारा प्रोग्राम) टाकला होता, नंतर काढून टाकला. आता क्रोम, एज दोन्हीत काहीच उघडत नाही, प्रॉक्सी सर्व्हरबद्दल काहीतरी येतं. पण गेम चालतो आणि पिंग पण जातोय. विंडोज ११.

उत्तर: मित्रा, पाहुणा गेला पण जाताना दाराला स्वतःचं कुलूप लावून गेला. प्रॉक्सी म्हणजे ब्राउझर आणि नेट यांच्यातला मध्यस्थ. सेटिंग्ज, नेटवर्क अँड इंटरनेट, प्रॉक्सी. तिथे 'यूज अ प्रॉक्सी सर्व्हर' चालू असेल आणि पत्त्यात १२७.०.०.१ असेल. हा पत्ता म्हणजे तुझाच कंप्युटर. ब्राउझर सगळी माहिती त्या प्रोग्रामकडे नेऊन देतोय जो तू काढून टाकलास. बंद कर, झालं. गेमला प्रॉक्सीशी देणंघेणं नसतं म्हणून तो चालतोय.

बंद करून मशीन रीस्टार्ट केल्यावर ते आपोआप परत चालू झालं तर मात्र अजून काहीतरी आत शिल्लक आहे, मग विंडोज सिक्युरिटीमधला ऑफलाइन स्कॅन लाव आणि क्रोममधली अनोळखी एक्स्टेन्शन्स उडव. आणि फुकट व्हीपीएन... सर्व्हरचं भाडं कुणीतरी भरतच असतं ना, ते कुठून भरत असेल याचा विचार कर एवढंच.

प्रश्न: नागपूर. 'डीएनएस प्रोब फिनिश्ड एनएक्सडोमेन' असं येतं. कधी सकाळी येतं, कधी दिवसभर नाही. भाच्याने सांगितलं डीएनएस बदला म्हणून, पण हे डीएनएस म्हणजे काय ते आधी सांगा, न समजता काही बदलायची मला भीती वाटते.

उत्तर: काका, भीती बरोबर आहे, आणि समजून घ्यायचं म्हणताय तर थोडं मागे जाऊ. कंप्युटर एकमेकांना आकड्यांनी ओळखतात, नावं आपल्यासाठी. सुरुवातीला सगळ्या नावांची एकच यादी होती, अमेरिकेत एका संशोधन संस्थेत ती ठेवलेली असायची आणि बाकीचे सगळे तिची कॉपी आणायचे. नेटवर्क वाढलं तशी ती यादी आवरेना, मग १९८३ साली पॉल मोकापेट्रिस यांनी डीएनएस ही व्यवस्था मांडली, नाव विचारा, आकडा मिळेल, आणि यादी एका जागी नाही तर जगभर वाटलेली. आजही तीच चालते.

तुम्ही साइटचं नाव टाकलं की तुमचा कंप्युटर आधी डीएनएस सर्व्हरला पत्ता विचारतो. हा सर्व्हर शक्यतो तुमच्या नेट कंपनीचा असतो. तो झोपला, गोंधळला की साइट जिवंत असूनही तुम्हाला सापडत नाही. एनएक्सडोमेन म्हणजे 'असं नावच नाही' असं उत्तर आलं. ते एकाच साइटला येत असेल तर आधी स्पेलिंग बघा, खरंच सांगतो, निम्म्या वेळा तेच असतं. सगळ्याच साइटना अधूनमधून येत असेल, जसं तुमच्याकडे, तर मग भाचा बरोबर आहे.

हे किती मोठ्या माणसांना नडू शकतं याचं उदाहरण म्हणजे ४ ऑक्टोबर २०२१. आपल्याकडे रात्री नऊ वाजून गेले होते आणि फेसबुक, व्हॉट्सअ‍ॅप, इन्स्टाग्राम सगळं एकदम गेलं ते सहा-एक तास. देखभालीच्या कामात एक चुकीची आज्ञा गेली, त्यांची डेटा सेंटर एकमेकांपासून तुटली, आणि त्यांच्या डीएनएस सर्व्हरकडे जायचे रस्तेच इंटरनेटच्या नकाशावरून पुसले गेले. सर्व्हर जागेवर होते हो, पण पत्ता सांगायला कुणी उरलं नव्हतं. त्या रात्री किती घरांत राउटर आपटले गेले असतील देव जाणे.

बदलायचं असं: सेटिंग्ज, नेटवर्क अँड इंटरनेट, तुमचं वायफाय किंवा इथरनेट, तिथे 'डीएनएस सर्व्हर असाइनमेंट' समोर एडिट, मॅन्युअल, आयपीव्ही४ चालू, पहिल्या रकान्यात ८.८.८.८, दुसऱ्यात १.१.१.१. पहिला गूगलचा, २००९ पासून आहे, दुसरा क्लाउडफ्लेअरचा, २०१८ सालच्या १ एप्रिलला आला, लोकांना वाटलं एप्रिल फूल आहे. त्याआधी तिथे काही लिहिलेलं असेल तर वहीत उतरवून ठेवा, परत जायची वेळ आली तर लागेल. मग काळ्या खिडकीत आयपीकॉन्फिग, स्पेस, तिरकी रेघ, लगेच फ्लशडीएनएस, म्हणजे मशीनने लक्षात ठेवलेले जुने पत्ते पुसले जातात. याने स्पीड वाढेल असं कुणी सांगितलं तर फार मनावर घेऊ नका.

प्रश्न: आमच्या पीसीवर फक्त यूट्यूब उघडत नाही. बाकी सगळं उघडतं. टीव्हीवर, फोनवर यूट्यूब चालतं. ब्राउझर बदलून पाहिला, तोच प्रकार. (पनवेल)

उत्तर: ताई, घरात दहावी-बारावीचं कुणी होतं का? वरच्या उत्तरात ती जुनी यादी सांगितली ना, तिचा वंशज अजून प्रत्येक विंडोजमधे राहतो. सी ड्राइव्ह, विंडोज, सिस्टम३२, ड्रायव्हर्स, ईटीसी, आणि तिथे होस्ट्स नावाची फाइल. कंप्युटर डीएनएसला विचारायच्या आधी हिला विचारतो. हिच्यात कुणी यूट्यूबचा पत्ता १२७.०.०.१ असा लिहून ठेवला की त्या मशीनवर यूट्यूब बंद, कुठलाही ब्राउझर घ्या. परीक्षेच्या वर्षी एखादा हुशार मामा हे करून जातो आणि निकालानंतर सगळे विसरतात. नोटपॅडवर राइट क्लिक, 'रन अ‍ॅज अ‍ॅडमिनिस्ट्रेटर', त्यातून ती फाइल उघडा (दिसली नाही तर खाली 'ऑल फाइल्स' निवडा) आणि यूट्यूबची ओळ काढा. सुरुवातीला हॅशचं चिन्ह असलेल्या ओळी नुसत्या टिपा आहेत, त्या राहू द्या. तिथे अँटिव्हायरस कंपन्यांची नावं लिहिलेली दिसली तर मात्र तो मामा नव्हे, ते व्हायरसचं काम, मग मशीन नीट तपासून घ्या.

प्रश्न: कोल्हापुरातून. विंडोज ७ आहे, मशीन अजून ठणठणीत आहे, पण दिवसेंदिवस एकेक साइट बंद पडत चाललीय. काही साइट अर्ध्याच दिसतात, बटणं चालत नाहीत. काहीतरी अपडेट मारून चालेल का?

उत्तर: दादा, मशीन ठणठणीत असेलही, पण विंडोज ७ ला मायक्रोसॉफ्टने १४ जानेवारी २०२० ला रामराम केला. क्रोमची १०९ वी आवृत्ती ही त्यावर चालणारी शेवटची, २०२३ च्या सुरुवातीची. साइट बनवणारी मंडळी नव्या ब्राउझरसाठी लिहितात, म्हणून अर्धं पान, मेलेली बटणं. शिवाय ३० सप्टेंबर २०२१ ला लेट्स एन्क्रिप्टच्या साखळीतलं एक जुनं मूळ सर्टिफिकेट संपलं, ज्या मशीननी अपडेट घेतलेच नव्हते त्यांना त्या दिवसापासून ढिगाने साइट 'असुरक्षित' दिसायला लागल्या. गुरुजींसारखीच लक्षणं, पण घड्याळ बरोबर असतं.

लगेचचा उपाय म्हणजे फायरफॉक्स ब्राउझरची ११५ ईएसआर, म्हणजे लांब मुदतीची, आवृत्ती. फायरफॉक्स आपली सर्टिफिकेटं स्वतःजवळ बाळगतो, विंडोजच्या यादीवर विसंबत नाही, त्यामुळे बऱ्याच साइट जिवंत होतील. पण हे ढकलगाडीचं काम आहे, आणि त्या मशीनवर बँक उघडू नका हे मी हात जोडून सांगतो. रॅम ४ जीबी असेल तर लिनक्स मिंट (विंडोजऐवजी चालणारी फुकट सिस्टम) हिची एक्सएफसीई नावाची हलकी आवृत्ती पेन ड्राइव्हवरून चालवून बघा, आधी नुसती चालवून बघता येते, हार्ड डिस्कला हात न लावता. आवडली तर ठेवा. आणि विंडोज १० वाल्यांनी हसू नका, १४ ऑक्टोबर २०२५ ला तुमचीही नेहमीची अपडेट बंद झालीयेत. उद्याच साइट बंद पडणार नाहीत, पण रस्ता हाच आहे.

प्रश्न: मी न्यू जर्सीत असते. वडिलांच्या शेताचा सातबारा बघायचा असतो, काही सरकारी साइट इथून उघडतच नाहीत, नुसतं टाइम आउट. भारतात आले की त्याच लॅपटॉपवर उघडतात. इथल्या नेट कंपनीला तीनदा फोन केला.

उत्तर: तिथल्या कंपनीला बिचारीला सोडून द्या. आपल्याकडच्या कित्येक सरकारी साइट परदेशातून आलेली विचारणा दारातच अडवतात, हल्ले टाळण्यासाठी. कारण समजतं, पण परदेशी राहणाऱ्या वारसदाराचं काय, याचा विचार केलेला दिसत नाही, आणि एक ओळीचा खुलासाही दाखवत नाहीत म्हणून माणूस आपलाच लॅपटॉप खोलत बसतो.

भारतातला पत्ता देणारा पैसे भरून घेतलेला व्हीपीएन हा एक मार्ग, पण एप्रिल २०२२ मधे सर्ट-इन या सरकारी सायबर सुरक्षा संस्थेने व्हीपीएन कंपन्यांना ग्राहकांची माहिती पाच वर्षं ठेवायला सांगितली तेव्हा काही मोठ्या कंपन्यांनी भारतातले सर्व्हरच उचलले. ते आता भारतीय पत्ता बाहेर बसवलेल्या सर्व्हरवरून देतात, कुठे चालतो कुठे नाही. त्यापेक्षा गावाकडच्या चुलतभावाला सांगा, डिजिटल सहीचा सातबारा १५ रुपयांत निघतो, तलाठ्याच्या सही-शिक्क्याची गरज नसते, पीडीएफ व्हॉट्सअ‍ॅपवर येईल.

प्रश्न: व्हीएलसी प्लेअरची साइट मधे आमच्याकडे उघडत नव्हती, मित्राकडे दुसऱ्या कंपनीचं नेट आहे तिथे उघडायची. आता उघडते. काय होतं ते? (सांगली)

उत्तर: सरकारी ब्लॉक. २०२२ मधे काही महिने व्हीएलसी बनवणाऱ्या व्हीडिओलॅनची साइट भारतात अडवलेली होती, नोव्हेंबरात उठवली. प्रत्येक नेट कंपनी असा आदेश आपापल्या पद्धतीने अमलात आणते म्हणून एकाकडे दिसते, दुसऱ्याकडे नाही. कंप्युटरमधे करण्यासारखं काही नव्हतं. वाईट एवढंच झालं की अशा वेळी लोक भलत्याच साइटवरून तोच प्रोग्राम उतरवतात आणि सोबत काय काय घेऊन येतात.

प्रश्न: १८ नोव्हेंबर २०२५ ला संध्याकाळी एक्स, चॅटजीपीटी वगैरे बंद पडलं तेव्हा मी राउटर रीसेट बटण दाबून पूर्ण रीसेट केला. तेव्हापासून नेटच नाही. (अंबरनाथ)

उत्तर: अरे देवा. त्या दिवशी क्लाउडफ्लेअर पडलं होतं. जगातल्या असंख्य साइट त्यांच्या मार्फत चालतात, त्यांची एक आतली फाइल अपेक्षेपेक्षा मोठी झाली आणि ती वाचणारा प्रोग्रामच कोसळला. तिथे ५०० नंबरचा एरर दिसत होता, आणि ५०० च्या घरातला कुठलाही आकडा, ५०२, ५०३, दिसला की समजायचं बिघाड पलीकडे आहे, आपण चहा प्यायचा. ४०४ म्हणजे ते पान तिथे नाही, ४०३ म्हणजे पान आहे पण तुम्हाला बघायची परवानगी नाही. आकडा दिसतोय याचाच अर्थ तुमचं नेट तिथपर्यंत पोचलंय.

राउटरचं म्हणाल तर ते बारीक भोकातलं बटण टाचणीने दाबलं की नेट कंपनीने घातलेलं युजरनेम-पासवर्ड सगळं पुसलं जातं. कंपनीला फोन करून पीपीपीओईचं युजरनेम-पासवर्ड आणि व्हीलॅन आयडी विचारा, लागेल ते घाला. फक्त फोन नंबर बिलावरून किंवा त्यांच्या अ‍ॅपमधून घ्या. गूगलवर 'कस्टमर केअर' शोधून जो पहिला नंबर मिळेल त्यावर फोन करू नका, पलीकडचा माणूस एनीडेस्क (तुमचं मशीन लांबून त्याच्या हातात देणारा प्रोग्राम) टाका म्हणाला की फोन ठेवून द्या. आणि पैसे गेलेच असतील तर वेळ न घालवता १९३० या सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनला फोन करा.

प्रश्न: राउटर बंद करून चालू करा असं सगळेच सांगतात, त्याने खरंच काही होतं का की टाइमपास? (सोलापूर)

उत्तर: होतं. राउटरची मेमरी छोटी असते, महिनोन्‌महिने चालू राहिला की कुठली जोडणी कुणाची याची यादी फुगते, अडकते, बंद केला की ती कोरी होते आणि पलीकडून नवा पत्ताही मिळू शकतो. पण बंद करून लगेच चालू करू नका, अर्धा मिनिट जाऊ द्या, आणि फायबरचा डबा वेगळा असेल तर आधी तो चालू करा, त्याचे दिवे स्थिर झाले की मग राउटर. लॉस (एल-ओ-एस, म्हणजे सिग्नल येत नाही) लिहिलेला लाल दिवा लुकलुकत असेल तर मात्र कितीही वेळा बंद-चालू करा, केबलच तुटलीय, गल्लीत कुठे खोदकाम सुरू आहे का बघून या.